फ्रेस्को, मोझॅक, मेघडंबरी : रोमच्या चर्चवास्तूंसाठी नेमके मराठी शब्द कोणते?

प्रश्न

रोममधल्या जुन्या चर्चवास्तूंवरच्या मजकुराचा मराठी अनुवाद तपासायचा आहे. मसुद्यात फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावर रंगवलेले चित्र), मोझॅक (काचेचे किंवा दगडाचे तुकडे बसवून केलेले चित्र) आणि कॅनव्हासवरचे तैलचित्र या तिन्हींना ‘भित्तिचित्र’ म्हटले आहे. नेव्ह (चर्चचे मधले उंच दालन), आइल (त्याच्या बाजूचे दालन) आणि ॲप्स (टोकाचा अर्धवर्तुळाकार भाग) यांसाठी ‘सभामंडप’, ‘प्रदक्षिणापथ’ आणि ‘गाभारा’ असे शब्द घेतले आहेत. वेदीवरच्या बाल्डाकिनोला, म्हणजे खांबांवरच्या छताला, ‘मखर’ केले आहे. यातले काय ठेवावे आणि काय बदलावे?

उत्तर

आधी ‘भित्तिचित्र’ बदला. हा शब्द चित्राची जागा सांगतो, ते कशाचे आणि कसे केले हे सांगत नाही. रोममध्ये तर तेच महत्त्वाचे. त्रास्तेवेरे म्हणजे टायबरपलीकडचा भाग. तिथल्या सांता मारिया चर्चमध्ये पिएत्रो कावाल्लिनीने मरियेच्या जीवनातले प्रसंग मोझॅकमध्ये केले. थोड्याच अंतरावरच्या सांता चेचिलिया चर्चमध्ये त्यानेच 1293 च्या सुमारास ‘अंतिम न्याय’ रंगवला, तो फ्रेस्को. चित्रकार एक, काळ जवळजवळ एक, पण माध्यमे दोन. दोन्हींना ‘भित्तिचित्र’ म्हटले की वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमधली काराव्हाज्जोची संत मॅथ्यूची चित्रे तर तैलरंगातली, कॅनव्हासवरची आहेत. भिंतीला लागून आहेत एवढ्यावरून ती भित्तिचित्रे होत नाहीत.

फ्रेस्कोसाठी ‘भित्तिलेपचित्र’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण त्यातून ओलेपणा कळत नाही आणि सगळे तंत्र त्या ओलेपणातच आहे. आधी भिंतीवर चुना-वाळूचा खरबरीत थर देतात, तो अरिच्चो. त्यावर तांबड्या मातीच्या रंगाने कच्चे रेखाटन, ते सिनोपिया. मग त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर बारीक गिलाव्याचा शेवटचा हात, तो इन्तोनाको. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले असतात, त्यात डिंक नाही की सरस नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकून बसतात. एका दिवसाच्या तुकड्याला जॉर्नाता म्हणतात. नव्या दिवसाच्या गिलाव्याची कड आदल्या दिवसाच्या कडेवर किंचित चढलेली असते, म्हणून तिरप्या उजेडात कामाचा क्रम वाचता येतो.

चूक कुठे होते? गिलावा वाळल्यावर रंग लावला तर तो वरच राहतो आणि भुकटी होऊन झडतो. अझुराइट या खनिजाचा निळा रंग ओल्या चुन्यात टिकत नाही, तो मागाहून सरसात कालवून लावत. म्हणूनच बाकीचे चित्र शाबूत आणि मरियेचा निळा झगा मात्र उडालेला, असे इटलीत पुष्कळ ठिकाणी दिसते. शिशाचा पांढरा रंग भिंतीवर काळा पडतो.

तेव्हा ‘फ्रेस्को’ हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ओल्या गिलाव्यावरचे चित्र’ असे लिहा. मराठीत ‘अजिंठ्याचे फ्रेस्को’ असे सर्रास छापले जाते, पण अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या लेपावर, बंधक (रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घालून रंगवलेली आहेत. त्यांना भित्तिचित्रे म्हणा, फ्रेस्को नको.

पुरवणी : मोझॅक

इथे अडचण उलटी आहे. ‘मोझॅक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे घरातली ठिपक्याठिपक्यांची लादी येते. ‘कुट्टिमचित्र’ हा प्रतिशब्द चांगला आहे, पण संस्कृतात कुट्टिम म्हणजे फरसबंद जमीन. माथ्यावरच्या अर्धघुमटातल्या चित्राला तो शब्द लावला की कान अडखळतो.

सान क्लेमेंते चर्चमध्ये माथ्यावरचे चित्र आणि जमिनीची फरशी हे दोन्ही प्रकार एकाच वास्तूत आहेत. वर बाराव्या शतकातले मोझॅक. मधोमध क्रूस, क्रूसावर बारा पांढरी कबुतरे, आणि पायथ्याशी फुटलेल्या झुडपातून निघालेल्या वेलींची वेटोळी साऱ्या सोनेरी पार्श्वभूमीवर पसरलेली. हे काचेच्या तुकड्यांचे काम आहे. सोनेरी तुकड्यात जाड काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर काचेचा पातळ पापुद्रा असतो. तुकडे ओल्या चुन्यात मुद्दाम थोडे तिरके बसवतात, प्रत्येकाचा कोन वेगळा. त्यामुळे पाहणारा चालू लागला की उजेड एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकतो. दुरुस्तीत तेच तुकडे एका पातळीत सपाट बसवले तर सोने पिवळ्या रंगासारखे मंद दिसते.

खाली जमिनीवर कोस्माती पद्धतीची फरशी आहे. जुन्या रोमन खांबांचे आडवे काप काढून केलेल्या जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या चकत्या, त्यांच्याभोवती हिरव्या दगडाचे आणि पांढऱ्या संगमरवराचे पट्टे. ‘कुट्टिम’ हा शब्द शोभतो तो इथे. वरच्या कामाला ‘काचखड्यांचे चित्र’ किंवा सरळ ‘मोझॅकचित्र’ म्हणावे. नुसते ‘मोझॅक’ टाळावे.

शंका

पण नेव्ह-आइलला चैत्यगृहाचे शब्द का चालू नयेत? कार्ल्याचे चैत्यगृह आणि रोममधले सांता साबिना चर्च यांचे आराखडे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. मधे उंच दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धवर्तुळ.

उत्तर

सारखे दिसतात, पण स्तूपाच्या मागे जाऊन पाहा. कार्ल्यात दोन्ही बाजूंचे अरुंद दालन स्तूपामागच्या सात साध्या खांबांना वळसा घालून एक होते. प्रदक्षिणा पूर्ण होते, म्हणून तो प्रदक्षिणापथ. सांता साबिना 422 ते 432 मधली. तिथे जुन्या वास्तूंतून आणलेल्या एकूण 24 खांबांच्या दोन रांगा आहेत, पण बाजूची दालने टोकाला थांबतात. ॲप्सच्या मागून वाट नाही. जिथे फेरी घालता येत नाही त्याला प्रदक्षिणापथ म्हणणे चूक.

आइलला ‘पार्श्वदालन’ म्हणा. छेद समजावून सांगायचा असेल तर पडवीची उपमा अगदी चपखल बसते. घराच्या उंच भिंतीला टेकून खाली उतरते छप्पर आणि त्या छपराच्या वर उघड्या राहिलेल्या भिंतीत मधल्या दालनाला उजेड देणाऱ्या खिडक्या. नेव्ह म्हणजे ‘मध्यदालन’. हा शब्द लॅटिन नाविस म्हणजे जहाज यावरून आला आहे, आणि आपली ‘नाव’ त्याच मुळाची. ‘सभामंडप’ नको, कारण सभामंडप गाभाऱ्यापुढे वेगळा उभा राहतो. मध्यदालन आणि ॲप्स हे एकाच अवकाशाचे भाग आहेत. त्याच कारणाने ‘गाभारा’ही नको. गाभारा बंदिस्त आणि अंधारा, तर ॲप्स दारातून पाऊल टाकताच समोर दिसावा म्हणूनच बांधलेला. ‘गजपृष्ठ’ हा शब्द साऱ्या इमारतीच्या आकाराचा आहे, एका भागाचा नाही. ॲप्स ‘ॲप्स’च राहू द्या, त्याच्या छताला ‘अर्धघुमट’ म्हणा.

पुरवणी : बाल्डाकिनो

मखर चार दिवसांचे असते. बाल्डाकिनोला मराठीत ‘मेघडंबरी’ हा तयार शब्द आहे. खांबांवर उभे छत, खाली मानाची जागा. इटालियन शब्द बाल्डाक्को म्हणजे बगदाद यावरून आला. तिथल्या भरजरी कापडाचा चांदवा, हा त्याचा मूळ अर्थ. सेंट पीटर्समध्ये (ते रोमच्या पोटात असले तरी व्हॅटिकन राज्यात येते) बेर्निनीने 1624 ते 1633 या काळात जवळजवळ 29 मीटर उंचीची कांस्याची मेघडंबरी उभारली. पिळाचे चार खांब, आणि वरच्या काठाला कापडाची झालर, गोंडे, सगळे धातूत ओतलेले.

दगडी असेल तर इटालियनमध्ये चिबोरिओ म्हणतात, उदाहरणार्थ सान पाओलो फुओरी ले मुरामधले आर्नोल्फो दि कांबिओचे, 1285 चे. त्यालाही मेघडंबरी चालेल. मात्र पवित्र भाकरी ठेवायच्या झाकणीच्या पात्रालाही याच कुळातला शब्द आहे, तेव्हा आधी संदर्भ पाहा.

दुरुस्ती : तीन छोट्या गोष्टी

‘रोमचे कॅथीड्रल सेंट पीटर्स’ असे मसुद्यात असेल तर खोडा. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन जिथे ते चर्च, आणि रोमच्या बिशपचे, म्हणजे पोपचे, आसन सान जोव्हान्नी इन लातेरानो मध्ये आहे. ‘बॅसिलिका’ हा शब्द कधी इमारतीचा नमुना सांगतो, कधी पोपने दिलेला मान.

सांता प्रासेदे चर्चच्या ॲप्समधल्या मोझॅकचित्रात नवव्या शतकातला पोप पास्कल पहिला याच्या डोक्यामागे चौकोनी आकृती आहे. चित्र झाले तेव्हा तो हयात होता याची ती खूण. तिथे ‘तेजोवलय’ लिहू नका, वलय चौकोनी कसे असेल? ‘चौकोनी प्रभा’ लिहा. ‘प्रभावळ’ही नको, ती मूर्तीमागची नक्षीदार चौकट.

आणि सांत इग्नात्सिओ चर्चच्या छायाचित्राखाली ‘घुमटाचा अंतर्भाग’ असे आले असेल तर ते आधी काढा. तिथे घुमट नाहीच. आंद्रेआ पोत्सोने 1685 मध्ये सुमारे 17 मीटर व्यासाच्या कॅनव्हासवर घुमट रंगवून तो छताला बसवला. जमिनीवर खुणेची चकती आहे, तिच्यावर उभे राहिले की घुमट खरा वाटतो. तिथून पुढे सरकले की तो एका बाजूला कलतो. ओळ अशी द्या : ‘घुमटाचे चित्र, कॅनव्हास’.