सेटअप.पीवाय गेलं त्यात रडण्यासारखं काय आहे?

उंबरठा
काल इथे वाचलं: 'सेटअप.पीवाय ही एक फाइल २० वर्षं पुरली. आता टॉमल, बॅकएंड, व्हील असला सोवळ्यातला स्वयंपाक कशाला?' तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं जास्त फिरलं म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: सेटअप.पीवाय म्हणजे पायथनची लायब्ररी बसवणारी स्क्रिप्ट, टॉमल म्हणजे नुसती माहिती लिहायची फाइल, बॅकएंड म्हणजे पॅकेज बांधणारं अवजार आणि व्हील म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज.

पुरली कुणाला? लिहिणाऱ्याला. बसवणाऱ्याला विचारा. चाकणच्या एका कारखान्यात गेलो होतो, सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट नाही. सगळ्या लायब्रऱ्यांचे टारबॉल (मूळ कोडचे गठ्ठे) पेनड्राइव्हवर नेलेले. सातवी अडली. तिच्या सेटअप.पीवायमधलं एक फंक्शन बसवता बसवता नेटवरून झिप ओढत होतं. रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, त्याचा उल्लेख नाही, ४०० ओळी वाचल्यावर सापडलं. परत पुणं, दुसऱ्या दिवशी परत चाकण, तेही ट्रॅफिकसकट.

मुळात लायब्ररीला काय काय लागतं हे कळायलाच ती फाइल चालवावी लागायची. वरच 'इम्पोर्ट नम्पाय' (नम्पाय ही दुसरी लायब्ररी) असेल तर नम्पाय हवं हे सांगायच्या आधीच ती मान टाकणार. २०१६ च्या पेप ५१८ नं (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) हा तिढा सोडवला: बांधायला काय लागतं ते टॉमलमध्ये आधीच लिहायचं. आणि टारबॉल असेल तर लायब्रऱ्या आणणाऱ्या पिपनं नुसतं 'पिप डाउनलोड' केलं तरी अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशिनवर चालतो, हे किती जणांना माहीत आहे?

जुनं_खोड
ते वाक्य माझंच, नाव घ्यायला लाजू नका.

झिप ओढणारा गाढव होता, फाइल नाही. माझ्या लायब्ररीत सी कोड आहे. कुठला कंपायलर आहे, हेडर कुठे आहेत, हे मशिन बघूनच ठरवावं लागतं. ते तुमच्या टॉमलमध्ये कसं लिहू, अभंग करून? आणि सेटअप.पीवाय 'गेलं' हे शीर्षकच चूक. पायथन ३.१२ मधून गेलं ते डिस्टयूटिल्स, बसवाबसवीचं जुनं मॉड्यूल. फाइल सेटअपटूल्स या वेगळ्या लायब्ररीवर आजही चालते, फक्त 'सेटअप.पीवाय इन्स्टॉल' हा हुकूम मोडीत निघालाय. आधी वाचा, मग धागे काढा.

रात्रपाळी
दोघांनाही एक आठवण. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉलर स्क्रिप्टमध्ये 'आरएम -आरएफ /यूएसआर' (फोल्डर पुसायचा हुकूम) नंतर एक स्पेस जास्त पडली. एनव्हिडियाचा एक फोल्डर पुसायचा होता, लोकांचं अख्खं /यूएसआर, म्हणजे बहुतेक सगळे प्रोग्राम असतात तो फोल्डर, गेलं. एका स्पेसनं. स्क्रिप्टला स्वातंत्र्य दिलं की हे ओघानं आलंच.

जुनं_खोड
आणि टॉमल आलं म्हणून कोड चालायचा थांबला का? बॅकएंडही पायथनच. पॅकेजच्या आतच स्वतःचा बॅकएंड ठेवायची सोय तुमच्याच पेप ५१७ मध्ये आहे.

उंबरठा
हे मान्य. टारबॉलपासून बांधायचं तर काहीतरी चालणारच. म्हणूनच व्हील. त्यात बसवताना लेखकाचा कोड चालत नाही, फाइली जागेवर जातात.

रात्रपाळी
इम्पोर्ट करेपर्यंत. मग चालतोच. :)

पाटी_पेन्सिल
रच्याकने, तुम्ही मोठी माणसं सुरक्षिततेवर भांडा, आमचं रडगाणं वेगळं. मी कॉलेजात शिकवते, लॅबमध्ये ४० विंडोज मशिन. मुलांसाठी छोटी लायब्ररी केली, रीडमी मराठीत. घरी लिनक्सवर झकास. लॅबमध्ये बसवायला गेले तर ४० च्या ४० मशिनवर युनिकोडडीकोडएरर, म्हणजे अक्षरं वाचता येत नाहीत. मुलं म्हणाली, मॅडम, कॉम्प्युटरला मराठी येत नाही.

जुनं_खोड
मग रीडमी इंग्रजीत लिहायचा. कोडच्या जगात भाषाप्रेम कशाला?

पाटी_पेन्सिल
कोड इंग्रजीतच आहे. रीडमी वाचणारी मुलं उदगीर-अहमदपूरची आहेत, त्यांच्यासाठी मराठीत लिहिलं. तुमच्या सोयीसाठी त्यांनी आधी इंग्रजी शिकून यायचं का? असले उपदेश ऐकायला मी इथे येत नाही.

बिनपगारी
विंडोज वापरलं हीच चूक.

पाटी_पेन्सिल
लॅब माझ्या पैशांनी घेतलेली नाही. पुढचा.

रात्रपाळी
थांबा, हे फार गमतीचं आहे. सेटअप.पीवायमध्ये बहुतेक जण पॅकेजच्या वर्णनासाठी रीडमी नुसतं 'ओपन' करून वाचतात, एन्कोडिंग (कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर) न सांगता. विंडोजवर मग बहुतेकदा सीपी१२५२ हे इंग्रजी-युरोपी भाषांचं जुनं एन्कोडिंग धरलं जातं. आपल्या पाय मोडलेल्या अक्षराचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (आपली मराठी फाइल असते त्या एन्कोडिंगमध्ये) तीन बाइटचं, शेवटचा ८डी, आणि सीपी१२५२ मध्ये ८डी ची जागा रिकामी! म्हणजे 'मराठी' लिहिलंत तर निव्वळ कचरा दिसेल पण बसेल. 'महाराष्ट्र' लिहिलंत की फुटलं. जोडाक्षर नसेल तरी झ, ए, ऐ अशी काही अक्षरं घात करतात.

बिनपगारी
मी खोटं समजून करून पाहिलं. 'नमन' चालतं, 'नमस्कार' मरतं. हात जोडले.

पाटी_पेन्सिल
माझी पहिलीच ओळ 'विद्यार्थ्यांसाठी' आहे.

उंबरठा
आता ऐका. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये (टॉमल म्हणतोय ती हीच फाइल) रीडमीचं नुसतं नाव द्यायचं, आणि ती फाइल यूटीएफ-८ च धरायची असं पेप ६२१ मध्येच बजावलंय. लेखकाला 'ओपन' लिहायचीच संधी नाही, म्हणून चुकायचीही नाही. सोवळ्यातला स्वयंपाक म्हणे.

जुनं_खोड
सेटअप.पीवायमध्येही एन्कोडिंग लिहिलं की भागतं. एका ओळीचं काम.

पाटी_पेन्सिल
तुमच्या लायब्ररीत आहे ती ओळ? आत्ताच बघितलं. नाही.

जुनं_खोड
माझ्या रीडमीत मराठी नाही.

पाटी_पेन्सिल
तळाशी आभार मानलेत. वडिलांचं नाव देवनागरीत आहे, त्यात 'ज्ञ' आहे. विंडोजवर बसवून बघितलंत कधी?

जुनं_खोड
…
कंपायलरचा भाग सेटअप.पीवायमध्येच राहणार, तो मी हलवणार नाही, कुणी कितीही पेप तोंडावर फेकले तरी. नाव, आवृत्ती, रीडमी तेवढं आज रात्री टॉमलमध्ये नेतो. उंबरठा, खूश? मॅडम, ४० पैकी एका मशिनवर उद्या बसवून सांगा.

पाटी_पेन्सिल
उद्या लॅबला सुट्टी आहे. सोमवारी सांगते.