मुलाखतीत ‘लग्न कधी?’ विचारण्यावर बंदी हवी का?

मिहानवाली
नागपुरातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत दिली. पगार ३५ हजार. टॅलीचं थोडं, जीएसटीचं थोडं, आणि उरलेला सगळा वेळ लग्न ठरलं का, सासर नागपूरचंच का, ‘पुढचा विचार काय’. माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला यातलं काहीच विचारलं नाही. त्यालाच घेतलं. तो माझ्याहून हुशार असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे प्रश्न विचारले तर दंड बसला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. घरचे म्हणतात, सगळेच विचारतात, सोड. काहून सोडू?

बर्डीवाला
ताई, मी दुकानदार माणूस, गोड बोलता येत नाही. कायदा म्हणते बाळंतपणासाठी २६ आठवडे भरपगारी रजा. तुमच्या ३५ हजारानं हिशोब लावा, दोन लाखाच्या वर जाते. वरून तिच्या जागी बदली माणूस, त्याचा पगार वेगळा. हा पैसा मालकाच्या गल्ल्यातूनच जाते ना? मग तो विचारणारच. बंदी घातली तर तोंडानं विचारणार नाही, मनात धरेल आन् तुम्हाले मुलाखतीलाच बोलावणार नाही.

काळाकोट
दोन गोष्टींची गल्लत होतेय. ‘लग्नाचं विचारू नका’ असं कायद्यात शब्दशः कुठे नाही. पण बाई आहे म्हणून नोकरी नाकारणं बेकायदा आहे, आणि तेही आजकालचं नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीतल्या भेदभावाला मनाई होती; आता ती वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही स्त्रियांबाबत भरती, बदली, बढतीतल्या भेदभावाला मनाई आहे.
घोडं अडतं ते पुराव्यावर. नकाराचं कारण लेखी कोण देतो? म्हणून ताई, काय काय विचारलं ते तारखेसकट लिहून ठेवा. ‘लग्न झालेली नको’ छापाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप आला असेल तर पुसू नका.
आणि बर्डीवाले भाऊ, तुम्ही अर्धाच हिशोब मांडला. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर प्रसूतीचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही. मालक भरतो ती पगाराच्या ३.२५ टक्के वर्गणी, आणि ती पुरुषासाठीही तेवढीच असते. तुमच्या दुकानात २१ हजारांच्या वर किती मुली आहेत?

बर्डीवाला
एकही नाही. पण माझ्याकडे माणसंच नऊ आहेत जी. दहावा ठेवला की रजेचा कायदा लागते, म्हणून नऊवरच थांबलो. हसायचं असेल तर हसा.

इंदोरा चौक
हसत नाही. बर्डीपासून इतवारीपर्यंत असे नऊवाले कमी नाहीत. त्यांच्याकडच्या मुलीला बाळंतपण म्हणजे राजीनामाच, आणि इथे चर्चा चाललीय ३५ हजारवालीची.
बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती विधेयकाला पाठिंबा दिला होता. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्यांपैकीही किती जणांनी ते भाषण वाचलंय, शंकाच आहे. मुंबईचा कायदा १९२९ चा, आपल्या मध्यप्रांताचा १९३० चा, म्हणजे नागपूर राजधानी असतानाचा. जवळपास शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून ‘पुढचा विचार काय’वरच.

बर्डीवाला
ते भाषण मी पण वाचलं. त्यात ते म्हणतात, हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. मी वेगळं काय म्हणून राहिलो?

इंदोरा चौक
पुढचं पण वाचा ना मग. मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा थोडा भार त्यानंही घ्यावा, हे त्याच भाषणात आहे. सोयीचं तेवढं उचलायचं नाही.

काळाकोट
खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी बर्डीवाल्यांच्या बाजूने आहे. २१ हजारांच्या वरच्या पगाराचा पूर्ण बोजा एकट्या मालकावर टाकला, तिथेच भेदभावाला कारण मिळालं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० च्या मातृत्व कराराचं सूत्रच हे आहे की पैसा सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

हिंगणा शिफ्ट
रजा फक्त बाईलाच आहे तोवर प्रश्नही बाईलाच पडणार. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस पितृत्व रजा मिळते, आम्हा खासगीवाल्यांना कायद्यानं शून्य. पोरगं झालं तेव्हा मी सुट्टी मागितली तर साहेब म्हणे, तुले काय टाके पडले का बे?

इंदोरा चौक
आणखी एक. आमच्याकडे लग्नाच्या आधी आडनाव विचारतात, मग ‘राहता कुठे’. त्यावर कोणतं कलम?

काळाकोट
सरकारी नोकरी असेल तर राज्यघटनेचं कलम १६. खासगी भरतीत जातीवरून डावललं तर त्यासाठी सर्वसाधारण कायदाच नाही. जातीवरून अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटी लागू शकते, पण गुपचूप नाकारणं त्यात बसवणं अवघड. समानतेचं २०१६ चं एक खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने आणलेलं, लोकसभेत मांडलं गेलं होतं, पुढे गेलं नाही. वेगळा धागा काढा, लिहितो.

मिहानवाली
खर्च कोणी उचलायचा हा वाद चालू द्या. पण मी त्या कंपनीला आई होणार असं सांगितलंच नव्हतं. निव्वळ अंदाजावर मला बाहेर काढायचं, आणि त्या अंदाजाचा खर्चही माझ्याच डोक्यावर?

बर्डीवाला
ते बरोबर आहे तुमचं. पण बंदीनं सुटते हे मला अजून पटलं नाही.

काळाकोट
तुम्हाला पटण्यासारखं एक सांगतो. दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआय स्वेच्छेने घेता येते. कामगाराची वर्गणी ०.७५ टक्के.

बर्डीवाला
म्हणजे १४ हजारावर माझे ४५५, तिचे १०५. नऊ जणांचे माझे महिन्याला ४०९५. पोट्ट्यांना अन् पोरींना विचारून पाहतो. १०५ कापले म्हणून तेच आधी बोंबलतील.