पोर्तुगालात आधी पाळणा, मग पदवी

‘गादीवरच्या राणीच्या नवऱ्याला राजा कधीच म्हणत नाहीत, कारण मग तो तिच्यापेक्षा वरचढ ठरेल’ असं कुणीतरी लिहिलंय. ब्रिटनच्या अलीकडच्या प्रथेपुरतं ठीक, पण ‘कधीच’ हा शब्द चुकला. पोर्तुगालात राजेशाही होती तेव्हा रीत अशी होती की राणीला वारस झाला की नवरा राजा, तोवर नुसता राजपुत्र. तिथल्या राणी दुसऱ्या मारियाचा ऑगस्ट नावाचा पहिला नवरा मार्च १८३५मध्ये लग्नानंतर दोनेक महिन्यांतच वारला, मूलबाळ नाही, त्यामुळे तो राजपुत्र म्हणूनच गेला. पुढच्याच वर्षी तिने फर्डिनांडशी लग्न केलं. सप्टेंबर १८३७मध्ये मुलगा झाला आणि हे महाशय झाले राजे ‘दुसरे फर्नांदू’ (फर्डिनांडचंच पोर्तुगीज रूप)! (आपल्याकडे पणजीला राजधानीचा दर्जा देणारं १८४३चं फर्मान याच मारियाच्या कारकिर्दीतलं.)

खरी गंमत म्हणजे ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट हा या फर्डिनांडचा सख्खा चुलतभाऊ. त्याचं लग्न १८४०चं. नववं अपत्य एप्रिल १८५७मध्ये झालं आणि ‘प्रिन्स कॉन्सॉर्ट’ (राणीचा नवरा असलेला राजपुत्र) ही पदवी मिळाली जूनमध्ये! तीही व्हिक्टोरियानेच दिली. एका भावाला एका पोरावर राजेपद, दुसऱ्याला नऊ पोरांनंतरही राजपुत्रपदच.

वरचढपणाचं म्हणाल, तर पोर्तुगालचीच आधीची राणी पहिली मारिया आणि तिचा नवरा तिसरा पेद्रू (हा तिचा सख्खा काकाही) यांची पोर्तुगीज सोन्याची नाणी बघा. दोघांचे चेहरे एकामागे एक कोरलेत, नावंही दोघांची. पण आधी मारिया, मग पेद्रू.