मदत हवी आहे: मॅरियट हॉटेलांच्या प्लॅटिनम स्टेटससाठी पदरचे पैसे घालावेत का?

नमस्कार मंडळी,

मी पिंपळे सौदागरला राहतो, नोकरी चाकणला. कामासाठी सारखी फिरती असते आणि कंपनी शक्यतो मॅरियटच्याच हॉटेलात उतरवते. त्यामुळे बॉनव्हॉयचं, म्हणजे त्यांच्या सभासद योजनेचं, गोल्ड स्टेटस झालंय (त्याला वर्षाला २५ रात्री लागतात). त्याच्या वरच्या प्लॅटिनमला ५० लागतात, तिथे थोडक्यात अडलंय. ३१ डिसेंबरनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून. ऑफिसातला मित्र मागे लागलाय, हिंजवडीच्या कोर्टयार्डला (तेही मॅरियटचंच) स्वतःच्या खर्चाने राहा आणि आकडा पुरा कर.

गोल्डमध्ये पॉइंट जरा जास्त मिळतात आणि खोली मोकळी असेल तर २ वाजेपर्यंत चेकआउट. नाश्ता नाही. प्लॅटिनमला लाउंज, बऱ्याच ब्रँडमध्ये नाश्ता, शिवाय ४ पर्यंत चेकआउट (रिसॉर्टमध्ये मात्र उपलब्धतेनुसार). रात्रीचं विमान असलं की त्या दोन तासांची किंमत फिरतीवरच्या माणसालाच कळते.

पण एप्रिलपासून माझी फिरती जवळजवळ बंद होणार आहे. घरच्यांबरोबर जाणं म्हणजे गुहागर नाहीतर दापोली. आईचे गुडघे दुखतात, तिला तळमजल्यावरची खोली आणि साधं गरम जेवण हवं. ते घरगुती मुक्कामातच नीट मिळतं. मग हे प्लॅटिनम वापरायचं कुठे?

दुसरं, माझा मेहुणा धंद्यासाठी नेहमी मुंबईत मुक्काम करतो, पण मेकमायट्रिपवर स्वस्त दिसेल ते घेतो. त्याने एकाच हॉटेल-साखळीला धरून राहावं का?

प्रतिसाद

तुम्ही पैसे घालू नका. आज मिळवलेलं प्लॅटिनम पुढचं वर्ष संपून फेब्रुवारीपर्यंत चालतं, पण तुमचे मुक्काम मार्चलाच संपताहेत. घरच्यांसाठी दोन-तीन खोल्या घेतल्यात तरी रात्र एकाच खोलीची धरतात, हेही लक्षात असू द्या. साठलेले पॉइंट मात्र वाया घालवू नका. २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते जातात. आईबाबांना एखादी रात्र कुठेतरी निवांत ठेवा त्यातून.

मेहुण्यांचं वेगळं. अशा साइटवरून केलेल्या बुकिंगच्या रात्री साधारणपणे मोजल्याच जात नाहीत, म्हणजे आजवरचे मुक्काम स्टेटसच्या हिशेबात धरू नका. हॉटेलच्या स्वतःच्या ॲपवर सभासदांचा दर बघायला सांगा. फरक थोडा असेल तर थेट बुक करावं. स्वस्तातली हॉटेलंच बरी पडत असतील तर त्यांनी आहे तेच चालू ठेवावं.