जेम्स टेलरचा ग्रेटेस्ट हिट्स, १९७६

हिट्सचा अल्बम म्हणजे जुनीच गाणी परत विकणं, असं म्हटलं जातं, बऱ्याच अल्बमच्या बाबतीत ते खरंही आहे, पण अमेरिकन गायक-गीतकार जेम्स टेलरच्या ह्या अल्बमला ते लागू होत नाही.

१२ गाण्यांतली पहिली दोन, 'समथिंग इन द वे शी मूव्ह्ज' आणि 'कॅरोलिना इन माय माइंड', त्याने ह्या अल्बमसाठी नव्याने रेकॉर्ड केलीत. ही मूळची १९६८ची, बीटल्सच्या ॲपल लेबलवरच्या त्याच्या पहिल्या अल्बममधली, आणि तो अल्बम हा संग्रह काढणाऱ्या वॉर्नर कंपनीकडे नव्हता ना, म्हणून परत गायली. मूळ 'कॅरोलिना'त बेस गिटार चक्क बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने वाजवलाय, तरी मला विचाराल तर नवीनच जास्त आवडतं. लय जरा संथ केलीये, आवाजाला मधल्या आठ वर्षांत एक खोली आलीये, तेव्हा विशीतला मुलगा घराच्या आठवणीने गात होता आणि इथे तेच शब्द एक मुरलेला माणूस गातोय. हेडफोन लावून दोन्ही एकापाठोपाठ ऐका, ओळी संपताना तो स्वर कसा सोडतो तेवढंच बघा, फरक लगेच कळतो.

'स्टीमरोलर' पण स्टुडिओतलं नाही, लाइव्ह घेतलंय.

एकच खटकतं, 'हँडी मॅन' किंवा 'युवर स्मायलिंग फेस' ह्यात नाहीत, कारण ती ह्या अल्बमनंतरची, १९७७ची, तो कोलंबिया ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावरची. ती हवी असतील तर त्याचा १९७७चा 'जेटी' अल्बम पूर्णच ऐका, अजिबात तुकड्यात नको.