चहावरचा तवंग आणि पाण्यातले क्षार
चहा बेचव का होतो, या इथल्या चर्चेत पत्ती फार वेळ उकळल्याने तो कडवट होतो, असे वर कोणी म्हटले आहे आणि ते मला पटते. मात्र चहा निस्तेज आणि मातकट लागण्याचे खापर दर वेळी पत्तीवर फोडणे योग्य नाही, कारण कपातला बहुतांश भाग पाण्याचाच असतो आणि त्याविषयी इथे अजून कोणी लिहिलेले नाही. कोरा चहा थोडा निवल्यावर त्यावर तपकिरी, तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो, चमचा फिरवला की त्याचे तुकडे होतात आणि कप रिकामा झाल्यावर आत काळपट कडे उरते. हे तेल नव्हे. जड, म्हणजे जास्त क्षार असलेल्या पाण्यातले कॅल्शियम व बायकार्बोनेट आणि चहातील पॉलिफेनॉल (चहाला तुरटपणा देणारे घटक) यांचा हवेतील ऑक्सिजनशी संबंध येऊन तो थर तयार होतो.

मी एकच पत्ती, तेवढेच माप आणि तेवढाच वेळ ठेवून नळाच्या व क्षार कमी करणाऱ्या गाळणयंत्राच्या पाण्यात दोन कप केले, तेव्हा पहिला गढूळ आणि दुसरा स्वच्छ, लालसर उतरला. लिंबाचे दोन थेंब टाकताच पहिल्यावरचा तवंगही विरला. यंत्र नसल्यास पाणी आधी उकळून निवू द्यावे, तळाशी बसलेला पांढरा साका न ढवळता वरचेच पाणी घ्यावे. तेवढ्यानेही बराच फरक पडतो. मात्र कमी क्षारांच्या पाण्यात पत्तीचा अर्क अधिक उतरतो, म्हणून ती मिनिटभर आधी गाळावी, नाहीतर तोच चहा तुरट लागेल.