"दोन एकर गहाण टाकून रडणं विकत घेतलं" म्हणणाऱ्या भाऊंना

शिवणवाली (दारव्हा)
काल 'बांधावरचा' भाऊंनी लिहिलं: "गावातल्या एका बाईनं पोटाचं ऑपरेशन करून ५० किलो उतरवले. आता आरशापुढे रडते. २ एकर गहाण टाकून रडणं विकत घेतलं. वावरात निंदाले गेली असती तर फुकटात उतरले असते." सोबत तिचा पाठमोरा फोटो, खाली हसणाऱ्यांची जत्रा.

ती बाई मी नाही. पण ऑपरेशन माझंही झालंय. ११८ किलो होते, आज ६८. सोळा महिने झाले. आणि निंदणाचं म्हणाल तर लग्नानंतर अकरा वर्षं निंदण, वेचणी दोन्ही केलं. कापूस वेचणीला वजनकाटा आला की बाया म्हणायच्या, आधी हिलेच टांगा.

आता आरशाचं. मी शिलाई करते, दुसरीचं माप नजरेनं सांगते. स्वतःचं घेतलं तर छाती ३४ आली. वाटलं टेप ताणली गेली असेल, म्हणून नवी आणली. तरी परवा स्वतःचा ब्लाऊज बेतला तो ४४ चाच, कापून झाल्यावर कळलं. एसटीत अजून आडवी होऊन चढते. पोटाची कातडी रिकाम्या बारदान्यासारखी लोंबते, मे महिन्यात घडीत चिघळते. लेक मांडीवर झोपायची. आता म्हणते, आई, तुझी मांडी टोचते. त्या दिवशी रडले. हो, आरशापुढेच.

डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलं, जन्मभराच्या गोळ्या सांगितल्या, तीन-चार महिन्यांनी केस गळतील हेही सांगितलं. हे आरशाचं तेवढं कोणी सांगितलं नाही.

बांधावरचा
ताई, तुमच्यावर नव्हतं ते. पन मुद्दा तोच राहते. माही आजी म्हातारपनीबी कपाशीची पऱ्हाटी उपटे. तवा कोनाचं पोट कापा लागे काय? तननाशक आलं, निंदन गेलं, बाया घरी बसल्या. आता घ्या ऑपरेशन.

अर्धा डॉक्टर
तणनाशकाचा अन् जठराचा काय संबंध बे? मी वीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर आहे, शंभराच्या वरचं वजन नुसत्या उपासानं उतरून टिकलेलं फार कमी पाहिलं. उतरायला लागलं की शरीरच भूक वाढवते. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात, अन् भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात बनतं. म्हणून ते ऑपरेशन चालते, मेहनत चुकवायला नाही.
पण ताई, तुमचंही एक आहे. आधी मानसतज्ज्ञाची भेट असते ना? ती झाली नव्हती काय?

शिवणवाली
झाली ना. दहा मिनिटं. "खूश आहात ना?" "हो." सही.
आणि विमा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत शुगरसारखा गंभीर त्रास, तर ऑपरेशन विम्यात बसतं. कातडी काढायचं विचारलं तर म्हणे ते सौंदर्यासाठी. चिघळण्यात कोणतं सौंदर्य ते मला दाखवा.

थोरली वहिनी
ऑपरेशनचं ज्याचं त्यानं पाहावं. पण वागण्याची रीत असते की नाही? आमच्याकडे रोडग्यांच्या, म्हणजे गोवरीवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणाला अशीच एक ऑपरेशनवाली आली. अर्धा रोडगा, दोन घास वांग्याची भाजी, अन् पंगत बसलेली असताना उठून गेली. सासूबाई अजून बोलतात. आमच्याकडे आग्रह म्हणजे माया असते.

शिवणवाली
त्या मायेनंच मला मांडवामागे ओकायला लावलं. नणंदेच्या घरी "एक तर घे, तूपच आहे, पोटाले लागत नाही" म्हणत दुसरा रोडगा वाढला. आता माझ्या पोटात वाटीभर मावतं. पाच मिनिटांत छातीत दगड बसल्यासारखं झालं. बाहेर पळाले, तर मागून ऐकू आलं, दिवस गेले वाटते हिले. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नका असं डॉक्टर बजावतात, आणि इथं पाळणा हलवायला बाया तयार.

थोरली वहिनी
मग आधी सांगायचं.

शिवणवाली
कुठं? मांडवात माईकवरून?

पंगतवाला
याच्यासाठीच म्हणतो पंगत टिकवा. बुफे आल्यापासून लोक ताटात डोंगर रचतात अन् अर्धा टाकून देतात. पंगतीत वाढणारा विचारते तरी.

अर्धा डॉक्टर
विचारत नाही भाऊ, पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढते.

पंगतवाला
तुम्ही आमचा अपमान करून राह्यले. पंचवीस वर्षं रोडगे भाजतो, गोवरीची आच कशी लागते ते तुमाले माहीत तरी आहे काय? बुफेत रोडगा थंडा होते, त्याचा धोंडा होते.

मूर्तिजापूरकर
शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हापासून या भागाचं सगळंच थंड.

पंगतवाला
शकुंतलेचा इथं काय संबंध?

आर्णीचा मास्तर
रोडगे झाले असतील तर एक लिहू का? माझ्या भावाची पोटाची बायपास झाली. दुःख झालं की खायचं, आनंद झाला की खायचं, असा तो माणूस. खाणं सुटलं आणि दारू धरली. आधी पिऊन सरळ चालायचा, नंतर दोन घोटांत आडवा. त्या ऑपरेशननंतर दारू भराभर चढते, हे आम्हाला उशिरा कळलं. वजन निम्मं झालं म्हणून गावानं सत्कार केला होता, त्यात हारसुद्धा मोठा झाला त्याला. आता पीत नाही. पण वहिनी अजून माहेरी आहेत.

अर्धा डॉक्टर
मास्तर, १४४१६ लावून पाहा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या दवाखान्यात पाटी लावली, तिच्यावर कोणीतरी छत्री टांगते.

बांधावरचा
म्हंजे सगळं दुसऱ्याचंच चुकलं. डॉक्टरचं चुकलं, इम्याचं चुकलं, रोडग्याचं चुकलं. जाड होती तवा रडे, बारीक झाली तरी रडे. घरच्याईनं करावं काय?

शिवणवाली
जाड होते तेव्हा 'हत्तीण', आता 'पऱ्हाटी'. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं हळूच विचारलं, तो मोठा आजार तर नाही ना? आणि दिलेला ब्लाऊजपीस परत मागून नेला. त्या बाईनंही रडू नये तर काय करावं? तुम्हाला तिचा एवढा राग का, ते तरी सांगा. तुमचं काय नेलं तिनं?

बांधावरचा
२ एकर नेलं. ती माही वहिनी हाये. सातबारा सामाईक, अर्धं माह्या हिश्श्याचं. मले इचारलं बी नाई. घरी बोललो तर भाऊ म्हनते, तिले सद्या काही बोलू नको, ती जेवत नाई. दिवसभर खोलीत बसते. जुने लुगडे काढते, घडी घालते, परत काढते. मी बोलू कोनाले?

थोरली वहिनी
हे आधी लिहायचं होतं ना. फोटो कायले टाकला बिचारीचा?

बांधावरचा
काढला आताच. पन जमिनीचं मी सोडनार नाई.

शिवणवाली
सोडू नका. भावाशी भांडा, तिच्याशी नको. पण ती जेवत नाही हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला आधी कळवा, त्यात थांबू नका. आणि जमलं तर तिला माझ्याकडे आणा. ब्लाऊज शिवते. माप मी घेईन, तिला घेऊ देऊ नका.

बांधावरचा
आनतो. शिलाईचे पैसे भाऊ देईन, मी नाई देनार.